हॉलच्या भिंतीवर वारलीचा लग्नचौक काढावा का?

पाटीपेन्सिल
नमस्कार मंडळी. येत्या मार्गशीर्षात धाकट्या बहिणीचं लग्न आहे. घर रंगवायला काढलंय आणि हॉलची एक भिंत मुद्दाम गेरूच्या रंगाची करून मोकळी ठेवलीय. तिच्यावर वारली पद्धतीचा लग्नचौक काढायचा, असं वर्षभर मनात आहे. एका प्रदर्शनात पाहिला तेव्हा पाऊण तास त्याच्यासमोरून हलले नव्हते. नक्षीच्या पट्ट्यांचा मोठा चौकोन, मध्ये बाईसारखी एक आकृती, बाहेर झाडं, घोडा, नाचणारी माणसं. फोटोवरून मापं घेऊन कागदावर आराखडाही तयार आहे.

काल चौथीतल्या भाचीने तो आराखडा पाहिला आणि विचारलं, "मावशी, मधे कोण आहे? हिला डोळे का नाहीत?" मला काही सांगता येईना. नेटवर शोधलं तर सगळीकडे तोच तक्ता: वर्तुळ म्हणजे सूर्य-चंद्र, त्रिकोण म्हणजे डोंगर आणि झाडं, चौकोन म्हणजे जमीन. भाचीचं समाधान झालं नाही आणि माझंही.

म्हणून दोन प्रश्न. या चौकातल्या खुणांचा खरा अर्थ काय? आणि दुसरा प्रश्न कालपासून डोक्यात आहे: तो आपल्या घरात असा काढावा का?

रंगारी_बाबू
काढा हो बिनधास्त! फोटो टाका, आणि केळवणाला आम्हालाही बोलवा.

अक्षरगणित
तक्ता चुकीचा नाही, पण "अ अननसाचा" एवढं सांगून मराठी शिकवल्यासारखं आहे ते. अक्षरं कळली, मजकूर राहिला.

चौकोन मात्र नीट बघा. गोल आपल्याला आभाळात दिसतो, त्रिकोण डोंगरात आणि झाडाच्या शेंड्यात दिसतो. चौकोन माणसाने आखल्याशिवाय होत नाही. म्हणजे ती हद्द आहे. ही जागा वेगळी, इथे कुणीतरी येऊन बसणार आहे, असं सांगणारी. लग्नात पाटाभोवती आपण रांगोळी काढतो ती कशासाठी, ते आठवा.

माणसाचं अंग दोन त्रिकोण टोकाला टोक जोडून होतं. सगळा तोल त्या एका बिंदूवर असतो. त्यामुळेच ती माणसं कधी स्थिर वाटत नाहीत, सतत काहीतरी करत असल्यासारखी दिसतात.

गेरूमाती
धागा वाचून लिहावंसं वाटलं. मी वारली आहे. गाव डहाणू तालुक्यात, नोकरीमुळे सध्या विरारला राहतो.

पहिली गोष्ट. आमच्याकडे चौक "काढत" नाहीत, चौक "लिहितात". आजी कधी "चित्र" हा शब्द वापरायची नाही. "चौक लिवाया जायाचाय" असंच म्हणायची. तिला अक्षर लिहिता-वाचता येत नव्हतं, पण पंचक्रोशीत कुणाचंही लग्न निघालं की चौक लिहायला तिला आणि तिच्या दोन मैत्रिणींना बोलावणं यायचं. चौक सवाशिणी लिहितात.

माझ्या मोठ्या बहिणीच्या लग्नात मी नऊ वर्षांचा होतो. आतल्या खोलीतली कुडाची भिंत, म्हणजे कारवीच्या काठ्या उभ्या लावून वर शेणमातीचा लेप दिलेली भिंत. ती परत सारवली, वाळल्यावर तिच्यावर गेरूचा हात दिला. आदल्या रात्री भिजवलेले तांदूळ पाट्यावर वाटून पाण्यात कालवले. बांबूच्या काडीचं टोक आजी दाताखाली धरून चावायची, धागे सुटले की झाला कुंचला. चावताना बोलता येत नाही, म्हणून ती बोटानेच खुणावायची: तिकडचा दिवा इकडे धर. मला दिवा धरायचं काम होतं. तांदळाचं पाणी ओलं असताना जवळपास दिसतच नाही, वाळत गेलं की पांढरं उमटतं. म्हणजे आजी लिहून पुढे सरकायची आणि तिच्यामागे ओळ हळूहळू उगवायची. ते मी आजही डोळे मिटून बघू शकतो.

ताई, तुमच्या भाचीला सांगा: मधे आहे ती पालघाट देवी. आमची लग्नाची देवी, पिकाची आणि पोराबाळांची देवी. पालघाट म्हणजे भरलेला घट. तिच्या सोबतीला चौकात सूर्य, चंद्र, फणी, शिडी असं सगळं येतं. चौक दोन असतात, लग्नचौक आणि देवचौक. देवचौकात पंचशिऱ्या देव असतो. घोड्यावर उभा, डोकं नाही, आणि धडातून धान्याची पाच कणसं उगवलेली.

डोळे का नाहीत? आमच्या भिंतीवर कुणालाच डोळे नसतात. माणूस काय करतोय त्यावरून तो ओळखायचा. अंबाडा असेल तर बाई, खांद्यावर जाळं असेल तर मासे धरायला निघालेला. देवी ओळखायची ती तिच्या चौकावरून.

लग्न लावणारी धवलेरी बाई देवांची नावं घेत गाते, भगत देवाला बोलावतो, आणि चौक लिहिल्याशिवाय लग्न लागत नाही. तो लग्न लावण्यासाठीच लिहिलेला असतो. म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर: तारप्यावरचा नाच काढा, भाताची लावणी काढा, ताडावर चढणारा माणूस काढा, आम्हाला आनंदच आहे. पालघाट देवीला मात्र नुसतं शोभेसाठी बोलावू नये, असं मला वाटतं.

सायली०७
"तिच्यामागे ओळ उगवायची." अंगावर काटा आला. वाचनखूण साठवली.

रंगारी_बाबू
गेरूमाती, तुमच्या आजीबद्दल पूर्ण आदर ठेवून असहमती नोंदवतो. ही कला फक्त लग्नघरातल्या कुडावर राहिली असती तर पाऊस, वाळवी आणि सिमेंटची घरं यांनी ती कधीच संपवली असती. जिव्या सोमा म्हशे यांनी ती कागदावर आणि कापडावर आणली म्हणून जगाला कळली. २०११ ची पद्मश्री त्यांना भिंतीबाहेर पडल्यामुळेच मिळाली ना? मग बाहेर पडलेल्या कलेतला एक भाग वापरा आणि एक वापरू नका, हे कसं चालेल? मी शाळेत चित्रकला शिकवतो. मुलांना चौक काढायला देतो, कारण पट्ट्यांची शिस्त त्याच्याइतकी दुसऱ्या कशातच नाही.

कातळपाऊल
बाबूराव, तुमच्या म्हणण्यातला अर्धा भाग मला मान्य आहे. म्हशे यांचं मोठेपण नेमकं कशात होतं, ते मात्र नीट बघायला हवं.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी डहाणूच्या पाड्यांवर फिरले आणि त्यांनी वारल्यांच्या हातात कागद दिला. तोवर लिहिणाऱ्या बायका होत्या. रोजच्या रोज, कुठलाही विधी नसताना चित्र काढू लागला तो म्हशे, आणि त्याच्या मागून पुरुषांची एक पिढीच आली. लहानपणी आई गेल्यावर ते बोलेनासे झाले होते आणि मातीत रेघा ओढून सांगायचं ते सांगायचे. गंजाडच्या या माणसाला १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २०१८ मध्ये ते गेले.

त्यांचं मासे धरायचं जाळं पाहिलंय का कुणी? पूर्ण कापडभर बारीक रेघांची जाळी, आणि एका कोपऱ्यात ते जाळं टाकणारा एवढासा माणूस. यात विधी नाही, देव नाही, पण चौकाच्या पट्ट्यांमधला सगळा संयम त्या जाळीत आहे. चौकाची नक्कल करून ते मोठे झाले नाहीत. लिहिण्याची सवय घेऊन ते चौकाबाहेर आले आणि त्यांनी नवीन मजकूर लिहिला. मला वाटतं, गेरूमाती हेच सांगतायत. बाहेर या, पण बाहेरचं लिहा.

नर्मदाकाठ
"लिहिणे" वाचलं आणि खुर्चीत ताठ बसले! मी बडोद्याची. छोटाउदेपूर भागातल्या राठवा आदिवासींचा पिठोरा, म्हणजे भिंतीवरचं देवांचं चित्र, तोसुद्धा लिहिलाच जातो. लिहिणाऱ्याला म्हणतातच लखारा.

माझे यजमान त्या भागात पाणीपुरवठ्याच्या कामावर होते. तिथल्या एका कुटुंबाने आम्हाला पिठोऱ्याला बोलावलं. घरातला मुलगा आजारी होता तेव्हा मानता, म्हणजे नवस, केली होती, तो बरा झाला म्हणून पिठोरा. ओसरीची भिंत कुमारिकांनी शेणाने आणि पांढऱ्या मातीने सारवली. रंग दुधात आणि मोहाच्या दारूत कालवले. मग लखारे बसले, सगळे पुरुष. तुमच्याकडे सवाशिणी, इथे बायका रंगाला हात लावत नाहीत.

चित्र म्हणजे घोडेच घोडे. प्रत्येक घोडा कुणा ना कुणा देवाचा, किंवा घरातल्या पूर्वजाचा. राणी काजल आहे, इंदी राजा आहे, राजा भोज हत्तीवर आहे. बारा डोक्यांचा माणूस, एका पायाचा माणूस, आणि मला सगळ्यात आवडलेला सुपडकन्नो, म्हणजे सुपाएवढ्या कानांचा! चौकट चारी बाजूंनी बंद नसते. खालच्या कडेला मधोमध फट ठेवतात, ते आत जायचं दार. शेतं, विहीर, ताडी काढणारा, सगळं आत. आणि वर एका कोपऱ्यात विमान! मी विचारलं, हे कसं काय? लखारा म्हणाला, आभाळात दिसतं ना? मग लिहायला नको?

रात्री बडवो, म्हणजे त्यांचा भगत, अंगात आल्यावर भिंतीसमोर उभा राहिला. एकेका आकृतीजवळ जाऊन तो विचारत होता आणि लखारा सांगत होता, हे अमुक, हे तमुक. कुणी राहून गेलं असेल तर तिथेच भरून घ्यायचं. शाळेत बाई वही तपासतात ना, अगदी तसंच. अख्खं गाव साक्षीला. त्या रात्री मला कळलं की यातली कुठलीच गोष्ट "प्रतीक" म्हणून नव्हती. घोडा हा शक्तीचं प्रतीक वगैरे आपण म्हणतो. त्यांच्यासाठी तो घोडा आलेला होता.

पाटीपेन्सिल
नर्मदाकाठ ताई, किती सुंदर लिहिलंत. "घोडा आलेला होता" हे वाक्य भाचीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मग तो गेला कधी?"

नर्मदाकाठ
तिला सांगा, मलाही तेव्हा हाच प्रश्न पडला होता आणि विचारायचं धाडस झालं नाही. हुशार आहे पोरगी.

आजीची_ओवी
धवलेरी शब्दावरून आठवलं. आपल्या मराठीतले धवळे म्हणजे लग्नातली गाणीच. महदंबेने तेराव्या शतकात श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाचे धवळे रचले, ती आपली आद्य कवयित्री. ज्या शब्दासाठी आम्ही पोथ्या उघडतो, तो डहाणूच्या पाड्यावर आजही लग्न लावणाऱ्या बाईचं नाव म्हणून जिवंत आहे. बायकांनी लग्न लावायचं, तेही गाऊन! मला याचं फार अप्रूप वाटतं.

लिहिण्याचं म्हणाल, तर मिथिलेतही नवरा-नवरीच्या खोलीतल्या कोहबर चित्राला बायका लिखियाच म्हणतात. आमच्या घरी नागपंचमीला आई पाटावर गंधाने नाग काढायची आणि "आज नाग लिहायचेत" म्हणायची. मी तिला हसायचे. आता नाही हसणार.

सायली०७
आजी, आमच्याकडे दसऱ्याला पाटीवर एकाच आकड्यातून सरस्वती काढतात. माझी दरवर्षी कोंबडीसारखी व्हायची आणि बाबा तरीही हळदकुंकू वाहून मनापासून नमस्कार करायचे. आता वाटतं, त्यांना चित्र कसं आलंय याच्याशी काही देणंघेणंच नव्हतं. लेकीने ती लिहिली, एवढं पुरे होतं.

बदलीवाला
झारखंडमधल्या हजारीबागेत तीन वर्षं बँकेत होतो, तिथलं सांगतो. तिथे दोन भिंती असतात: लग्नाची खोवर आणि दिवाळीनंतरची सोहराई. सोहराई गुराढोरांची. जनावरं रानातून परत येतात तेव्हा त्यांच्या स्वागतासाठी घर रंगवायचं, अंगणात तांदळाच्या पिठाची नक्षी घालायची आणि गुरं तिच्यावरून आत घ्यायची. दोन्ही बायकांचंच काम.

खोवरची रीत बघण्यासारखी आहे. आधी भिंतीला काळ्या मातीचा हात द्यायचा, तो वाळला की वर पांढऱ्या मातीचा, आणि तो ओला आहे तोवरच फणीने खरवडायचा. खालचं काळं वर येतं आणि चित्र होतं. मोडक्या फणीचा तुकडा, चार दातांचा, त्याने मोर, हत्ती, वेली. माती वाळायच्या आत संपवायचं असतं, म्हणून तिघी-चौघी एकदम लागतात आणि कुणी थांबून विचार करत नाही. वारली चौकातही फणी असते हे गेरूमातींनी लिहिलंय, ते वाचून गंमत वाटली. इथे चित्रात फणी, तिथे फणीनेच चित्र. २०२० मध्ये सोहराई-खोवरला भौगोलिक मानांकन मिळालं.

विणकर_मन
थोडं अवांतर. मी "वारली" म्हणून एक साडी घेतली, घरी आल्यावर जाणकार मैत्रीण म्हणाली की हे ओडिशाचं सौरा आहे. फरक कसा ओळखायचा?

अक्षरगणित
पटकन ओळखायचं तर अंग बघा. वारलीत कंबरेशी टोकाला टोक लागलेले दोन स्पष्ट त्रिकोण असतात, आणि बाई अंबाड्यावरून वेगळी ओळखू येते. सौरा आकृत्या लांबट, तितक्या टोकदार नाहीत, बाई-पुरुष सहसा सारखेच. शिवाय सौरा लोक आधी बाहेरची चौकट करतात आणि आत भरत जातात.

त्यांच्या भिंतीवरच्या चित्राला इडिताल म्हणतात. पूर्वजांना किंवा देवांना राहायला ते घर बांधून दिलेलं असतं. म्हणजे परत तेच, चौकट म्हणजे घर, कुणीतरी आत राहायला येणार. डहाणू, छोटाउदेपूर, ओडिशातलं रायगडा अशी तीन टोकं आहेत ही, आणि तिन्हीकडे भिंत म्हणजे कुणाला तरी जागा करून देणं. मला हा धागा सोडवत नाहीये.

रंगारी_बाबू
आणि तारपा नाचाचं काय? मी मुलांना सांगतो की ते वर्तुळ म्हणजे जीवनचक्र, आदि नाही, अंत नाही. तेही चुकीचं का?

गेरूमाती
सर, रागावू नका, पण तारप्याच्या रांगेला आदि असतो आणि अंतही असतो. पुढे एक जण असतो, मागे शेवटचा असतो. सगळे हात कंबरेत गुंफून तारपेवाल्याच्या भोवती फिरतात आणि त्याला पाठ दाखवत नाहीत. चित्रात ती रांग गुंडाळत गेलेली दिसते, कारण ती खरंच तशी गुंडाळत जाते. वाळलेल्या भोपळ्याला बांबूच्या नळ्या आणि पुढे ताडाच्या पानांचा भोंगा, असा तारपा. वाजवणारा श्वास तुटू देत नाही. सूर बदलला की रांग दिशा बदलते. भात तयार झालं की तारपा निघतो.

जीवनचक्र म्हणा, माझी हरकत नाही. पण मुलांना आधी एवढं सांगा की कुणीतरी वाजवतंय आणि बाकीचे त्याचं ऐकतायत. माझ्या मते ते जास्त सुंदर आहे.

रंगारी_बाबू
रागावणार कशाला! सोमवारी वर्गात हेच सांगतो, आणि बाकावरून उठवून मुलांची रांगही करतो.

तळासरी_एसटी
मी या भागात बावीस वर्षं एसटी चालवली. चौकाबद्दल गोड बोलणं चाललंय, ते चांगलंच आहे. पण त्या लग्नाची एक जुनी बाजू इथल्या वयस्कर माणसांनी मला सांगितलीय, ती नोंदवतो.

एके काळी वारल्याला लग्नासाठी सावकाराकडून, जमीनदाराकडून पैसे घ्यावे लागायचे, आणि फेड म्हणून नवरा-बायको दोघांनी त्याच्याकडे राबायचं. वर्षानुवर्षं, कधी जन्मभर. अशा गड्याला शब्दच होता, लग्नगडी. १९४५ च्या उठावात किसान सभेचे गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांच्यासोबत वारली उभे राहिले, ते वेठबिगार आणि ही लग्नगड्याची पद्धत मोडायला.

म्हणजे ज्या भिंतीवर बायका रात्र जागून चौक लिहीत होत्या, त्याच भिंतीआड उद्यापासून गुलामी सुरू होणार हे त्यांना माहीत होतं. तरी पट्टे वाकडे आले नाहीत. पालघाटीकडे त्या भरलेला घट मागत होत्या तो कशासाठी, याचा विचार केला की मला बोलवत नाही.

कातळपाऊल
काका, नमस्कार घ्या. हे या धाग्यात यायलाच हवं होतं.

गेरूमाती
काका, माझे पणजोबा लग्नगडी होते. आजी हे सांगायची ते चौक लिहून झाल्यावर, हात धुताना. तुम्ही लिहिलंत, बरं वाटलं.

वनराई_कन्या
मीसुद्धा वारली, मोखाड्याची. चित्रं विकून घर चालवते, त्यामुळे विकण्याला माझा विरोध नाही, हे आधीच सांगते. आमच्यातल्या कितीतरी मुली यावर शिकल्या. वारली चित्रांना २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण भाव अजून व्यापारीच ठरवतो.

दोन वर्षांपूर्वी एका दुकानाने माझ्याकडून चौकाचं चित्र घेतलं, भिंतीवर लावायला म्हणून. सहा महिन्यांनी तिथे गेले तर दाराशी पायपुसणं, आणि त्याच्यावर माझा चौक. माझ्याच हाताचे पट्टे, एका कोपऱ्यात माझी रेघ चुकली होती ती चूकसुद्धा छापलेली. मधे पालघाट, आणि तिच्यावर लोकांच्या चपला. मी तिथेच खाली बसले. मालक म्हणाला, "अहो ताई, सगळीकडे तुमची कला दिसतेय, आनंद माना की."

त्या दिवसापासून मी चौक विकत नाही. शेत विकते, बाजार विकते, नवीन रस्ता आणि त्यावरच्या गाड्या विकते, पावसात छत्री उलटलेली मास्तरीण विकते. ती तर फार खपते!

बाबू सर, तुमच्या मुलांना पट्टे जरूर शिकवा. चौकट करू दे. मधे त्यांनी स्वतःच्या मनातलं काहीतरी लिहावं.

रंगारी_बाबू
वनराई ताई, पायपुसण्याचं वाचून मान खाली गेली. माझी भूमिका बदलतो. पट्टे शिकवीन, मधली जागा मुलांची. त्या उलट्या छत्रीचं एक चित्र आमच्या शाळेसाठी हवंय, व्यक्तिगत निरोप पाठवतो.

बोरूबहाद्दर
पण मग देवळातल्या मूर्तीची प्रतिकृती आपण दिवाणखान्यात ठेवतो, गणपती लग्नपत्रिकेवर छापतो आणि पत्रिका रद्दीत जाते. आपल्याच देवांना आपण हा नियम लावत नाही, मग इथे इतकं हळवं व्हायचं का?

आजीची_ओवी
बोरू, माझ्या सासूबाई पत्रिकेवरचा गणपती कापून वेगळा काढायच्या आणि विसर्जनाच्या दिवशी निर्माल्यात द्यायच्या. नियम होता, आपण सोडला. आणि आपलं सोडायचा हक्क आपला. दुसऱ्याचं सोडून द्यायला आपण कोण?

बोरूबहाद्दर
आजी, पटलं.

पाटीपेन्सिल
धागा काढताना इतकं काही हाती लागेल असं वाटलं नव्हतं. सगळं प्रिंट काढून बहिणीला वाचायला दिलं. लग्नगड्याच्या प्रतिसादाशी ती बराच वेळ थांबली. मग म्हणाली, "चौक नको ताई. आपलं नाही ते." आराखडा मी ठेवून दिलाय, फाडवला नाही.

भिंत मात्र मोकळी राहणार नाही. वनराई ताईंशी बोलणं झालंय, त्या लग्नाच्या आधी दोन दिवस येणार आहेत. भिंतीवर तारपा येईल, भाताची खाचरं येतील, आणि आमच्या मागणीवरून बहिणीचं एसटी स्टँड, जिथे नवरदेव तिला पहिल्यांदा भेटला. पाटावरची रांगोळी आमची आम्ही घालू, आई घालते तशी.

भाचीचा हट्ट आहे की एका कोपऱ्यात तिलाही लिहायला मिळावं. वनराई ताई म्हणाल्या, देते, पण काडी तिने स्वतः चावायची.

एक व्यावहारिक शंका. भिंतीला बाजारातला प्लास्टिक पेंट लावलाय. त्यावर तांदळाचं पीठ धरेल का?

वनराई_कन्या
नुसतं पीठ धरणार नाही, पापुद्रे सुटतील. जिथे लिहायचंय तेवढा भाग बारीक पॉलिश पेपरने घासून ठेवा. पिठात मी डिंक घालते. तांदूळ जाडा घ्या, रात्रभर भिजवा, आणि मिक्सर नको, पाटा असेल तर पाट्यावर. मिक्सरचं पीठ रवाळ राहतं, रेघ तुटते.

पाटीपेन्सिल
पाटा आईच्या माहेरी आहे. मामाला फोन केलाय, तो रविवारी घेऊन येतोय.